विमानांच्या अंगावरची धूळ

दिवाळीच्या सुटीत आमच्या गल्लीतली मुले अजूनही किल्ला करतात. दगडविटा रचाव्यात, त्यांवर ओले पोते टाकावे, चिखल थापावा, उतारावर अळीव पेरावा, हा क्रम माझ्या लहानपणापासून फारसा बदललेला नाही. गेल्या वर्षी एक मोठा मुलगा कोळशाची पूड आणि काव पाण्यात कालवून तटाच्या सांध्यांतून फडक्याने फाशीत बसला होता. त्याची धाकटी बहीण रडकुंडीस येऊन म्हणाली, ''दादा, नवा किल्ला घाण का करतोस?'' त्याने मान वर न करताच उत्तर दिले, ''तीनशे वर्षं पाऊस खाल्लाय त्यानं. नवा कसा दिसेल?''

त्या मुलाला ठाऊक नव्हते, पण तो ज्या उद्योगात गढला होता त्याला इंग्रजीत 'वेदरिंग' असे नाव आहे. ऊन, पाऊस, धूर, तेल आणि माणसांचे पाय यांनी खऱ्या वस्तूवर जे उमटते, ते चिमुकल्या प्रतिकृतीवर रंगाने उमटवावयाचे, एवढाच त्याचा अर्थ. मी स्वतः पंचवीस-तीस वर्षे प्लास्टिकची विमाने जोडीत आलो आहे. माझ्या मेजावर एक स्पिटफायर विमान आहे. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहा इंचांहून किंचित अधिक. मध्यंतरी माझी थोरली बहीण आली होती. पदराचे टोक ओले करून ती ते पुसावयास निघाली, तेव्हा मी ओरडलो, ''ताई, अगं तो मळ बसवायला मला तीन आठवडे लागलेत!'' तिने ज्या नजरेने माझ्याकडे पाहिले ती मी विसरणार नाही. पण तिच्या नजरेतला प्रश्न खोटा नव्हता. मळ मुद्दाम लावण्याची ही बुद्धी माणसाला केव्हा झाली, आणि त्या मळाचा खरेपणा कितपत, याचा थोडा इतिहास सांगावा असे तेव्हापासून मनात होते.

आरंभी या छंदात मळ मुळीच नव्हता. १९३२ साली इंग्लंडमध्ये 'स्कायबर्ड्स' नावाचे लाकडी संच निघाले. जेम्स हे स्टीव्हन्स नावाच्या गृहस्थाने त्यांचे प्रमाण ठरविले : सहा फुटांस एक इंच, म्हणजे एकास बहात्तर. सहा फुटी वैमानिक या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो. हिशेबाची ही सोय इतकी पसंत पडली की आजही जगातील निम्मीअधिक चिमुकली विमाने याच मापाची असावीत. पुढे १९३६ साली 'फ्रॉग' कंपनीने त्याच प्रमाणाची 'पेंग्विन' मालिका काढली. कंपनीची इतर विमाने खरोखर उडत. ही उडत नसत, म्हणून न उडणाऱ्या पक्ष्याचे नाव. विनोद बरा आहे. ती ज्या सेल्युलोज अॅसिटेटची केलेली होती ते मात्र वर्षे जातील तसे वाकडे होत जाते, त्यामुळे संग्राहकांच्या कपाटांत आज त्यांचे पंख कण्हत असल्यासारखे दिसतात.

मग युद्ध आले आणि खेळण्याचे हत्यार झाले. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळाशाळांतून मुलांना आवाहन केले की, शत्रूच्या आणि स्वतःच्या विमानांच्या लाकडी प्रतिकृती करून द्या. पाच लाख हव्यात. याच एकास बहात्तर प्रमाणाच्या, आणि सर्व काळ्या रंगविलेल्या. आकाशाच्या उजेडासमोर विमान काळेच दिसते. रंग ओळखू येण्याआधी आकार ओळखता आला पाहिजे, नाहीतर तोफेवरचा पोरगा आपलेच विमान पाडणार. चिमुकल्या विमानाकडून त्या काळी एवढीच अपेक्षा होती. त्याच्यावर धूळ आहे की नाही हे पाहावयास तोफखान्याला वेळ नव्हता.

युद्धानंतरच्या दशकात एअरफिक्सचे संच वुलवर्थच्या दुकानांतून दोन-दोन शिलिंगांना प्लास्टिकच्या पिशवीत मिळू लागले आणि घरोघरच्या मुलांना विमाने करण्याचे वेड लागले. हंब्रॉलच्या एनॅमल रंगांच्या चिमुकल्या डब्या, एक आखूड कुंचला, बोटांचे ठसे उमटलेला डिंक आणि शेवटी पाण्यात भिजवून चिकटवावयाची चिन्हे. विमान जितके चकचकीत, तितके ते चांगले झाले असे मानीत. आपल्याकडे गणपतीच्या मूर्तीवर वॉर्निश चढवितात, तीच दृष्टी.

मळ आला तो आगगाडीकडून. कॅलिफोर्नियात माँटेरे येथे जॉन अॅलन नावाचा एक गृहस्थ राहत असे. व्यवसाय छायाचित्रणाचा, छंद चिमण्या आगगाड्यांचा. त्याने घराच्या तळघरात डोंगर, दऱ्या, पूल आणि गावे यांसह एक संबंध रेल्वे उभी केली. छायाचित्रकार असल्यामुळे त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली असावी, जी इतरांच्या आली नव्हती : कारखान्यातून आल्यासारखा चकचकीत डबा छायाचित्रात खेळणे दिसतो, धुरकटलेला, पाण्याचे ओघळ असलेला डबा खरा दिसतो. प्रकाश मोठ्या वस्तूवर जसा खेळतो तसा लहान वस्तूवर खेळत नाही; सावल्या तोकड्या पडतात, म्हणून त्या रंगाने काढाव्या लागतात. १९४० आणि १९५० च्या दशकांत त्याची छायाचित्रे छंदाच्या मासिकांतून येऊ लागली आणि लोकांनी आपल्या गाड्या हौसेने काळवंडून टाकावयास प्रारंभ केला. जानेवारी १९७३ मध्ये अॅलन वारला, आणि थोड्याच दिवसांत त्या तळघराला आग लागून ती रेल्वे बव्हंशी जळाली. ज्याने आयुष्यभर खोटा धूर रंगविला, त्याचे काम खऱ्या धुरात गेले.

आगगाडीवरून ही विद्या रणगाड्यांवर आली. शिकागोचा शेपर्ड पेन आणि बेल्जियमचा फ्रान्स्वा व्हर्लिंडेन ही या बाबतीतली दोन मोठी नावे. १९७० च्या दशकात पेनने मोनोग्रॅम कंपनीच्या संचांसाठी केलेली युद्धदृश्ये रंगीत पत्रकांवर छापून पेटीतच घातलेली असत. ती पाहून एका पिढीचे डोळे फिरले. त्यांची मुख्य साधने दोन. पहिले म्हणजे टर्पेंटाइनमध्ये रंग अगदी पातळ करून तो सबंध पृष्ठावर सोडावयाचा. तो खाचाखोचांतून साचतो आणि सावली होते. दुसरे म्हणजे फिक्या रंगात कुंचला बुडवून तो कागदावर जवळजवळ कोरडा पुसावयाचा आणि मग उंचवट्यांवरून हलकेच फिरवावयाचा; कडा उजळून निघतात. आमच्या गल्लीतल्या मुलाचे फडके म्हणजे पहिला प्रकार.

आता माझी तक्रार येथून सुरू होते. रणगाडा चिखलातून चालतो; विमान चालत नाही. तथापि रणगाड्याच्या या युक्त्या विमानावर जशाच्या तशा आणल्या गेल्या. विमानाचे अंग पत्र्यांचे असते आणि पत्र्यांच्या सांध्यांत बारीक रेघा दिसतात. कारखानदार त्या रेघा साच्यात कोरतात. कोरलेली खाच मिलिमीटरचा सातवा हिस्सा धरली, तरी बहात्तरपट केल्यावर ती दहा मिलिमीटर होते. खऱ्या स्पिटफायरच्या पत्र्यांत करंगळी जाईल एवढ्या फटी असत्या, तर ते विमान उडाले असते काय? आणि आम्ही त्या फटी काळ्या रंगाने भरून आणखी ठळक करतो! विमान नव्हे, फरशी बसविलेली न्हाणी वाटते.

मग खऱ्या विमानावर काय दिसे? येथे खरी मौज आहे, कारण त्यावरचा प्रत्येक डाग काहीतरी सांगत असतो.

धुरापासून सुरुवात करू. त्या काळच्या उंच प्रतीच्या पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळलेले असे. इंजिनाला पेट्रोल सढळ मिळाले की नळ्यांतून काळा काजळ निघे. दूरच्या प्रवासात ते बेताने दिले की शिशाचा फिकट, राखाडी थर मागे उरे. लँकेस्टर बाँबफेकी विमाने रात्र रात्र जर्मनीवर जाऊन येत; त्यांच्या पंखांवर इंजिनांच्या मागे जे भुरे पट्टे पडलेले दिसतात ते या लांबच्या रात्रींचे. त्या पट्ट्यांना डांबरासारखा काळा रंग देणारा मॉडेलकार नकळत असे सांगतो की हे विमान कधी फार दूर गेलेच नाही.

बंदुकांची गोष्ट त्याहून बोलकी आहे. १९४० च्या स्पिटफायरच्या पंखांत आठ मशिनगन असत. त्यांच्या तोंडांत ओल आणि धूळ जाऊ नये म्हणून पुढे लाल रंगाच्या कापडी चकत्या चिकटवीत. पहिल्याच गोळीबारात त्या फाटत. विमान परत येताना उघड्या तोंडांतून वारा शिट्टी वाजवी, आणि तळावरचे लोक नुसत्या आवाजावरून ओळखीत की आज चकमक झाली आहे. आता प्रदर्शनात पाहा : पुढे लाल चकत्या शाबूत आणि पंखांखाली मात्र बारुदाच्या काजळीचे लांबच लांब ओघळ. गोळी तर सुटलेली नाही, मग काजळी आली कोठून? मी स्वतः हे पाप दोनदा केले आहे.

स्पिटफायरचे दार डाव्या बाजूस असे. वैमानिक डाव्या पंखावरून चढे, यांत्रिक त्याचे पट्टे आवळावयास तेथेच उभा राही. म्हणून डाव्या पंखाच्या मुळाशी रंग झिजे. उजव्या पंखावर तितका नाही. दोन्हीकडे सारखी झीज दाखविणे देखणे असते, पण खोटे असते. पॅसिफिकमधील अमेरिकन कॉर्सेअर विमानांची तऱ्हा वेगळी. त्यांची पेट्रोलची टाकी वैमानिकाच्या पुढे असे. सुरुवातीच्या विमानांत पत्र्याच्या सांध्यांतून पेट्रोल झिरपून समोरच्या काचेवर येऊ लागले, तेव्हा सांध्यांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटविण्यात आल्या. छायाचित्रांत नाकावर दिसणाऱ्या त्या पांढऱ्या चौकटी शोभेच्या नव्हेत. अडचणीत सापडलेल्या मेकॅनिकच्या आहेत.

घाईही दिसते. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीवर उतरण्याच्या वेळी आपल्याच तोफांनी आपली विमाने पाडू नयेत म्हणून ऐन वेळी त्यांच्यावर तीन पांढरे व दोन काळे पट्टे रंगविण्याचा हुकूम सुटला. एका इंजिनाच्या विमानास १८ इंची, दोन इंजिनांच्यास २४ इंची. हजारो विमाने आणि हाताशी एक-दोन दिवस. जो सापडेल त्याच्या हातात ब्रश दिला गेला. पट्टे वाकडे आले, रंग ओघळला. आम्ही मात्र चिकटपट्टी लावून ते पट्टे आखणीने काढतो आणि मग त्यांवर तीन आठवडे मळ बसवितो!

आपल्या इकडचे रणांगण ब्रह्मदेशचे. १९४४ साली इंफाळला हिंदी वायुदलाचे पहिले स्क्वाड्रन हरिकेन विमाने घेऊन होते. प्रमुख अर्जनसिंग, जे पुढे वायुदलप्रमुख झाले. या आघाडीवरील विमानांच्या वर्तुळाकार चिन्हांतला मधला लाल ठिपका काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवरचे चिन्ह म्हणजे लाल गोळा. क्षणभराच्या गोंधळात प्राण जावयाचा. जुन्या चिन्हावर नवा रंग फासलेला असे, आणि भोवतालच्या उन्हाने विटलेल्या रंगात ते ताजे ठिगळ उठून दिसे. असे ठिगळ दाखविणारा मॉडेलकार मला शंभर ओघळ काढणाऱ्यापेक्षा अधिक वाचलेला वाटतो.

रंग कसा झिजतो हे तो कशावर लावला आहे त्यावर अवलंबून असते. युद्धाच्या उत्तरार्धात जपानी भूदलाच्या कित्येक विमानांवर उघड्या अॅल्युमिनियमवरच, अस्तर न देता, हिरवा रंग मारला गेला. त्याची सालपटे निघाली. छायाचित्रांत ती विमाने कोड फुटल्यासारखी दिसतात. त्यावरून बहुतेकांनी असा सिद्धांत बांधला की जपानी विमान म्हणजे सालपटलेले विमान, आणि नौदलाची झीरो विमानेही तशीच रंगविली. वास्तविक सुरुवातीच्या झीरोंना रंगाखाली अस्तर होते. त्यांचा रंग सुटत नसे, विटत असे. मुळात तो कोणता रंग होता यावर गेली कित्येक दशके वाद चालू आहे : शुद्ध राखाडी, की किंचित पिवळसर-हिरवट झाक असलेला? जून १९४२ मध्ये अल्यूशन बेटांतल्या अकुतानवर एक झीरो जवळजवळ अखंड सापडण्याजोगे कोसळले. अमेरिकनांनी ते दुरुस्त करून त्याच वर्षी उडविले. पण उडविण्यापूर्वी त्याला आपला रंग दिला. शत्रूच्या विमानाचा स्वभाव त्यांना कळला, त्याच्या कातडीचा पुरावा मात्र त्यांनीच झाकून टाकला. मागाहून संशोधकांनी ठिकठिकाणच्या पत्र्याच्या तुकड्यांवरून निर्णय करावयाचा प्रयत्न केला. उन्हात असा रंग खडूसारखा भुकटतो, आणि तुकडा घासून पाहिला तर खाली निराळीच छटा निघते. तुकडा घासणारा आणि न घासणारा, दोघेही शपथेवर साक्ष देण्यास तयार!

छायाचित्रांवर विसंबावे तर तीही बहुधा कृष्णधवल. शिवाय त्या काळच्या काही फिल्मना तांबडा रंग दिसतच नसे. त्यांत लाल व पिवळे काळपट पडते आणि निळे फिके होते. अशा चित्रातला एखादा गडद डाग पाहून कोणी तेथे गंज रंगवितो. अॅल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही, हे शाळेतल्या मुलाला ठाऊक असते. धुराड्याच्या पोलादी नळ्या तेवढ्या तांबूस होतात. तरीही गंजलेल्या पंखांची विमाने प्रदर्शनांत बक्षिसे घेऊन जाताना मी पाहिली आहेत.

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे ऐकले पाहिजे. विमाने स्वच्छ ठेवण्याला एक कठोर कारण होते : खडबडीत, मळके अंग हवेला अडते आणि वेग कमी होतो. युद्धाच्या आरंभी सिडनी कॉटन याने हेरगिरीसाठी काही स्पिटफायर विमाने तयार केली. बंदुका काढल्या, त्यांची भोके बुजविली, फटी भरल्या, अंग घासून गुळगुळीत केले; ज्याच्याजवळ बंदूक नाही त्याला पळण्यावाचून गती नाही. लढाऊ तुकड्यांतही यांत्रिक मेण घासून विमाने लखलखीत ठेवीत. आणि १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडवर लढणारी कित्येक विमाने तर काही आठवड्यांतच कोसळली. रंग विटावयास आयुष्य लागते. ते त्यांना लाभले कोठे? त्यांत बसणारी मुले वीस-बावीस वर्षांची होती, हेही येथे आठवते.

१९७७ साली 'स्टार वॉर्स' चित्रपटात अंतराळयानेसुद्धा धुरकट, ओरखडलेली दाखविली आणि ती करावयास बाजारातल्या संचांचेच सुटे भाग वापरले. तेव्हापासून मळ हा खरेपणाचा शिक्काच होऊन बसला. पुढच्या युक्त्या स्वयंपाकघरातून आणि आरशापुढून आल्या. रुपेरी रंगावर पाण्याने मीठ चिकटवावे, वर हिरवा रंग फवारावा आणि मीठ घासून काढावे. जेथे मीठ होते तेथे रुपे उघडे पडते. केसांवर मारावयाचा स्प्रे दोन रंगांच्या मध्ये मारला, तर ओल्या कुंचल्याने वरचा रंग हवा तेथे सोलता येतो. या शतकात स्पेनमधील मंडळींनी, विशेषतः मिग हिमेनेस याने, या कलेला जवळजवळ चित्रकलेच्या पंक्तीला नेऊन बसविले. त्यांचे काम पाहून मान डोलते हे नाकारण्यात अर्थ नाही. आता मळ बाटल्यांतून विकत मिळतो : धूळ वेगळी, तेल वेगळे, ओला चिखल वेगळा, सुका वेगळा. ताईला ही किंमत मी सांगितलेली नाही.

मीही त्या नादात मागे नव्हतो. काही वर्षांपूर्वी मी आपल्या वायुदलाचे एक मिग-२१ केले. १९७१ च्या युद्धातले. ही विमाने मूळची रुपेरी. युद्धाच्या सुमारास तळावरच त्यांच्यावर घाईने हिरवे-तपकिरी रंग चढविले गेले. मी मीठ, स्प्रे, बाटल्या, सगळे वापरले. प्रत्येक रिव्हेटपासून तेलाचा ओघळ काढला, पोटाखाली काजळी फासली. मित्रांनी वाहवा केली.

आमच्या शेजारच्या सोसायटीत एक वयस्क गृहस्थ राहतात. ऐन विशीत वायुदलात मेकॅनिक होते, एवढेच मला ठाऊक होते. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ सेवेतून निवृत्त झाले, त्या दिवशी बातम्या पाहून मी त्यांना मुद्दाम घरी बोलाविले. त्यांनी चष्मा पुसला, विमान हातात न घेता मेजाशी वाकून बराच वेळ पाहिले आणि विचारले, ''हे कोणत्या तळावरचं?''

मी सांगितले.

''कोण होतं हो याच्यावर मेकॅनिक?''

मला प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, ''अहो, हे इतकं तेल गळतंय. हा ओघळ आहे ना, इथं तर तेलाची नळीसुद्धा जात नाही. असलं विमान मी सही करून वर पाठवलं असतं, तर मला झोप लागली नसती. वैमानिक शिडीवर चढताना आमच्याकडे बघून मान हलवायचा. कागद तो नंतर बघायचा, आधी आमचं तोंड.''

त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण माझ्या कानशिलांत गरम झाले. ओघळ काढताना तो माणूस माझ्या ध्यानीही नव्हता. बोटभर लांबीच्या प्लास्टिकवर, केवळ ते देखणे दिसावे म्हणून, ज्याला मी कधी पाहिलेही नव्हते त्याच्या कामावर मी आळ घेतला होता.

''मग मळत नव्हतीच का ती?'' मी हळूच विचारले.

''मळत होती की! न मळायला काय देव्हाऱ्यात होती?'' ते हसले. ''रंग आम्हीच मारला होता. ब्रशानं. रात्री, बॅटरीच्या उजेडात. नीट बसला नव्हता तो.'' मग त्यांनी करंगळी पुढे केली आणि वैमानिकाच्या कक्षाच्या डाव्या काठावर, स्पर्श न करता, धरली. ''इथं शिडी लागायची. दिवसातून चार-चार वेळा. इथला हिरवा रंग पहिल्या दोन दिवसांतच गेला, खालचं पांढरं दिसायला लागलं. आणि तुम्ही इथं तर काहीच दाखवलं नाही.''

मी टर्पेंटाइनची बाटली आणि कापूस घेऊन आलो. ते खुर्ची ओढून बसले. पोटाखालची काजळी निघावयास अर्धा तास लागला. ओघळ त्याहून चिवट होते. चहा दोनदा झाला. शेवटी मी सर्वांत बारीक कुंचला रुपेरी रंगात बुडवून त्यांच्या हातात देऊ केला, तर त्यांनी हात हलवून दाखविला. तो थरथरत होता. ''तुम्हीच करा,'' ते म्हणाले, ''मी सांगतो. थोडं पुढं. अजून थोडं. हां, तिथं.''